लेंतमधला एकच उतारा

लग्न होऊन जुन्या जालन्यात आले तेव्हा उपास म्हणजे काय हे आपल्याला पक्कं कळतं, असं मला वाटायचं. माझं माहेर टेंभुर्णीच्या बाजूचं. गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. लेंतचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस सुरू झाले की घरात मटण-अंडी बंद, शुक्रवारी दिवस मावळेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही, मग प्रार्थना, मग भाकरी. ईस्टरपर्यंत हेच. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

सासरी विचारण्यासारखं बरंच निघालं. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, सासूबाईंना आत्याबाई. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. चर्चमधली संडेस्कूलही त्यांनी कितीतरी वर्षं चालवली होती. ते लेंतमध्ये मटण खायचे, पण चहातली साखर सोडायचे. पहिल्या वर्षी मी बिचकत विचारलं, तर म्हणाले, "मटण आपल्याकडं कधीमधी होतं, बाई. ते सोडलं तर सोडल्यासारखं काय वाटंल? चहा रोज लागतो. तिथं कळतं." आत्याबाई मटण सोडायच्या, गोड चहा घ्यायच्या, आणि गल्लीतल्या एका बाईशी वर्षानुवर्षं धरलेला अबोला तेवढ्या दिवसांपुरता सोडायच्या. ईस्टर झाला की पुन्हा धरायच्या. माझे यजमान काहीच सोडायचे नाहीत. "ऑफिसात दिवसभर ऐकून घेतो, तोच माझा उपास," एवढं म्हणून ते ताटावर बसायचे.

यात समोरच्या काकूंची भर. काकूंना आमचे सण तोंडपाठ होते. लेंतमधल्या पहिल्या शुक्रवारी त्या न चुकता साबुदाण्याची खिचडी झाकून आणायच्या. मी म्हणायचे, "काकू, आज संध्याकाळपर्यंत काही खायचं नाही." संध्याकाळी त्या परत डोकावायच्या तर मी भाकरी आणि पिठलं खात बसलेली.

"अगं, उपासाला भाकर चालती तुमच्यात?"

"चालते."

"आणि दुपारी साबुदाणा चालत न्हाई?"

"नाही."

"मंग हा कसला उपास?"

एकदा मी मामांना विचारलं, तर ते हसले आणि म्हणाले, "काकूचा प्रश्न बराबर हाय."

मी सांगते आहे ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. बदनापूरच्या एका शाळेत मी शिकवत होते आणि रोज पॅसेंजरने जात-येत होते. मीटरगेजचे रूळ नुकतेच ब्रॉडगेज झाले होते, गाडीला गर्दी वाढली होती. त्या वर्षी आमच्या चर्चला नवे पाळक आले. त्यांच्या बायकोला आम्ही पाळकबाई म्हणायचो. माझ्याच वयाच्या, बोलायला हळू. लेंत सुरू झाल्यावर स्त्रियांच्या सभेत त्यांनी आम्हाला शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची एक नवी रीत शिकवली. नवी म्हणजे आम्हाला नवी. त्या म्हणाल्या, फार जुनी आहे, मठांमधले लोक असं वाचायचे. एक छोटा उतारा घ्यायचा. सावकाश वाचायचा. थांबायचं. पुन्हा वाचायचा. अर्थ काढायचा नाही, उपदेश शोधायचा नाही. एखादा शब्द आपल्याला धरून ठेवतो का एवढंच बघायचं. धरला तर त्याच्यापाशी बसायचं. मग प्रार्थना, आणि मग काहीच न बोलता नुसतं राहायचं.

"आठवडाभर तोच उतारा घ्या," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यावर जायची घाई करू नका."

पहिल्या बैठकीत उधळ्या मुलाची गोष्ट होती. गप्प बसून झाल्यावर पाळकबाईंनी एकेकीला शब्द विचारला. कुणी म्हणालं, बाप. कुणी म्हणालं, मिठी. एका म्हाताऱ्या बाईंनी 'दूर' असं म्हटलं आणि डोळे पुसले; त्यांचा मुलगा आखातात होता. माझी पाळी आली. माझ्या डोक्यात त्या उपाशी मुलाला खाव्याशा वाटलेल्या, डुकरांना घालायच्या शेंगा अडकल्या होत्या. दुसरं काही येतच नव्हतं. मी "बाप" म्हणून मोकळी झाले.

घरी येऊन मी हे सगळं चहाच्या वेळी सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "गप्प बसायला कशाला शिकवावं लागतं?" मामा मात्र कप हातात धरून ऐकत राहिले. "आठवडाभर एकच?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

आमच्याकडे संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना असायची. मामा मांडी घालून बसायचे, शास्त्र मांडीवर उघडायचे आणि वाचायचे. आवाज मास्तरांचाच, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्यानंतर एकदोन दिवसांनीच त्यांनी आंधळ्या माणसाचा उतारा वाचला. छोटाच आहे. लोक एका आंधळ्याला प्रभूकडे घेऊन येतात. प्रभू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, तुला काही दिसतं का? तो माणूस वर बघून म्हणतो की माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी दिसतात. प्रभू पुन्हा हात ठेवतो. मग त्याला सगळं स्पष्ट दिसतं.

दुसऱ्या दिवशी मामांनी तोच उतारा वाचला. तिसऱ्या दिवशीही. यजमान म्हणाले, "बाबा, हा तर कालच झाला."

"झाला का? बरं," मामा म्हणाले, आणि पुढच्या संध्याकाळी पुन्हा तोच.

यजमान मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "बाबांना आठवून न्हाई राह्यलं काही. हे वयाचं हाय का दुसरं काही?"

मी म्हटलं, "असं वाचायची रीतच आहे. मीच सांगितलं होतं त्यांना."

त्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं. पण आठवडा संपला, दुसरा लागला, आणि आंधळा माणूस रोज संध्याकाळी आमच्या घरात येतच राहिला. आत्याबाई उतारा सुरू झाला की वाती वळायला घ्यायच्या. आमच्याकडे वातींचा काही उपयोग नव्हता. त्या काकूंसाठी वळून द्यायच्या, हात रिकामा नको म्हणून. मी मात्र डोळे मिटून बसायचे आणि पाळकबाईंनी सांगितलं तसं करून बघायचे. बहुतेक वेळा मला दुधाची, पेपर तपासायच्या गठ्ठ्याची आणि नळाला पाणी येणार का याचीच आठवण यायची.

एका संध्याकाळी 'गावाबाहेर' या शब्दापाशी मला एकदम रडू आलं. का, ते मला त्या वेळी कळलं नाही. पुढच्या सभेत पाळकबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "देव तुम्हाला गर्दीतून बाजूला बोलावतोय." चांगलं वाक्य होतं. पण ते माझ्या रडण्याला बसत नव्हतं, दुसऱ्याच्या मापाच्या झंपरासारखं. मी मान हलवली आणि घरी आले.

त्यानंतरच्या आठवड्यात ते घडलं. शाळा सुटल्यावर मी बदनापूर स्टेशनवर आले. मार्चचं ऊन, फलाटावर सावलीसाठी लोक एका कोपऱ्यात गोळा झालेले. आणि त्या लोकांपासून लांब, उन्हातल्या बाकावर मामा बसले होते. पांढरा सदरा, धोतर, टोपी, पायांत चपला. सगळं नीटनेटकं.

मी जवळ गेले. ते माझ्याकडेच बघत होते, पण मी अगदी समोर येईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"मामा, तुम्ही इथं?"

माझा आवाज ऐकून ते हसले. "आलीस व्हय? तुलाच घ्यायला आल्तो."

मला घ्यायला कधी कोणी आलं नव्हतं. मी विचारलं, "घरी सांगून आलात का?"

"सांगायचं काय त्यात."

"पण का आलात, मामा? ऊन किती आहे."

त्यांनी टोपी काढून कपाळाचा घाम पुसला. मग म्हणाले, "प्रभूनं त्या माणसाला गावाबाहेर का नेलं असंल? गावात बरं करता आलं नसतं का? एवढे लोक होते, सगळ्यांनी पाह्यलं असतं. मी लई विचार केला. मंग म्हटलं, आपणच गावाबाहेर जाऊन बघावं."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. थट्टा नव्हती. ते वर्गात फळ्यावरचं गणित समजावताना बोलायचे तसंच बोलत होते. आणि मला खरोखर कळेना की माझ्यासमोर एक देवभक्त माणूस बसला आहे की एक वाट चुकलेला म्हातारा.

गाडी आली तसे लोक उठून धावले. मामांनी त्या धावणाऱ्या लोकांकडे तोंड केलं आणि सहज म्हणाले, "बघ बाई, झाडंच चालून राह्यली."

गाडी तीनचार मिनिटंच थांबायची. मी त्यांचा हात धरला. सांगायला नको, पण त्या काळी सून सासऱ्याचा हात धरत नसे. मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी पडू दिला नव्हता, आणि त्या दिवशी पदर कुठे होता ते मला आठवतही नाही. त्यांचा हात गरम आणि कोरडा होता. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. डब्याच्या पायरीपाशी त्यांनी पाय उचलला तो पायरीच्या खूप वर उचलला आणि हवेतच ठेवला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"मामा, तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतं की," ते म्हणाले. "थोडं थोडं."

जालन्याला घरी आलो तर आत्याबाई दारात बसून होत्या, गल्लीतली माणसं शोधायला गेली होती. काकूंनी देव पाण्यात घातले होते. त्या रात्री सगळ्या लहानसहान गोष्टी एकेक करून जुळत गेल्या. चहाचा कप घेताना मामा आधी बशी चाचपायचे. अंगणात खाटेला त्यांची नडगी सारखी आपटायची. वर्तमानपत्र ते हल्ली आत्याबाईंना वाचायला लावायचे आणि म्हणायचे, तुझं वाचन सुधारावं म्हणून.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. "दोन्हीकडं मोतीबिंदू. पार पिकलाय. काका, इतके दिवस वाचत कसे होतात?"

"वाचत कुठं होतो?" मामा म्हणाले. "तोंडपाठ म्हणून राह्यलो होतो."

यजमान तिथंच हसायला लागले. किती हलके झाले होते ते! डोकं ठीक होतं, डोळेच गेले होते, आणि डोळ्यांवर ऑपरेशन होतं. घरी येताना ते मला म्हणाले, "बघ, दिसत न्हाई म्हणून पान उलटत नव्हते. आपण उगाच काय काय समजून बसलो."

मीही हो म्हटलं. पण स्वयंपाक करताना मनात आलं, मामांना तर शास्त्रातली कितीतरी पानं तोंडपाठ होती. लेंतच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी अरण्यातली परीक्षा म्हटली होती, विहिरीवरची बाई म्हटली होती. मग नंतर हाच एक का? मी त्यांना विचारलं.

"ह्याच्यातच अडकलो," ते म्हणाले.

एका डोळ्याचं ऑपरेशन लेंत संपायच्या आधीच झालं. मामा डोळ्यावर हिरवं फडकं बांधून खाटेवर पडून असायचे. वाकायचं नाही, खोकायचं नाही, प्रार्थनेला खाली बसायचं नाही. पहिल्याच संध्याकाळी ते म्हणाले, "शास्त्र तू वाच, बाई."

घरात सुनेनं प्रार्थनेत वाचायची पद्धत नव्हती. आत्याबाईंनी यजमानांकडे बघितलं. यजमान म्हणाले, "वाचू दे. शाळेत रोज वाचतेच की."

मी विचारलं, "कोणता वाचू?"

"तोच."

मी वाचला. पाळकबाईंनी सांगितल्यासारखा, सावकाश. मामांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. आंधळ्याला सगळं स्पष्ट दिसायला लागलं तिथपर्यंत आम्ही बरोबर आलो आणि त्यांचे ओठ थांबले. पण माझ्यासमोर अजून एक ओळ होती. प्रभू त्या माणसाला त्याच्या घरी पाठवतो आणि सांगतो की गावात पाऊलसुद्धा ठेवू नकोस. मी ती वाचली.

"हे कुठून आलं?" मामांनी एकदम विचारलं.

"इथंच आहे, मामा."

"न्हाई. एवढंच हाय, त्याला दिसायला लागलं. मी हजारदा शिकवलंय."

"आहे. पुन्हा वाचू?"

"वाच."

मी पुन्हा वाचलं. ते उशीवर डोकं न हलवता पडून राहिले. आत्याबाईंनी वाती बाजूला ठेवल्या. मामा म्हणाले, "घरी जा म्हणला आणि गावात जाऊ नको म्हणला? घर तर गावातच असंल ना त्याचं?"

यजमानांनी प्रार्थना म्हणून टाकली.

पुढचे दिवस मामांनी मला दुसरं काही वाचू दिलं नाही. मीही दुसरं मागितलं नाही. मी वाचायचे, आम्ही गप्प बसायचो, आणि मग ते आपल्याशीच बोलल्यासारखं काहीतरी म्हणायचे. एकदा म्हणाले, "मी ती ओळ गाळली कधी? पोरांना शिकवताना गाळली, का माझ्या मास्तरांनीच गाळली होती?" एकदा म्हणाले, "घर गावाबाहेर असंल त्याचं." आणि लगेच, "मंग त्याला गावाबाहेर न्यायची काय गरज होती?" 

गावाबाहेर घर, हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर माझं माहेर आलं. आमची घरं गावाच्या कडेला होती, ओढ्याच्या अलीकडे. गावात जायचं म्हणजे कामापुरतं. आई म्हणायची, घरी जा सरळ, गावात थांबू नको. मी ते मामांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं? त्यांचंही मूळ गाव तसंच असणार, त्यांचंही घर तिथंच कुठंतरी. पण हे एवढंच होतं का माझ्या रडण्यात, तेही मला ठरवता येईना. प्रभूने गावात जाऊ नको सांगितलं ते त्या माणसाला जपण्यासाठी की गावाला टाळण्यासाठी? 'गावाबाहेर' आलं की मी मनात 'माहेर' म्हणायचे, आणि थांबायचे. पुढे काही सरकत नव्हतं.

पाळक मामांना भेटायला आले तेव्हा मामांनी त्यांनाही विचारलं. पाळकांनी छान समजावलं: चमत्काराचा गाजावाजा होऊ नये म्हणून प्रभू असं सांगत असे. मामांनी ऐकून घेतलं, सलाम केला, दारापर्यंत निरोप द्यायला मला पाठवलं. मी परत आले तर म्हणाले, "त्यांचं बराबर हाय. पण त्या माणसानं जावं कुठं, हे त्यांनी सांगितलं न्हाई."

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, डॉक्टरांनी औषधासाठी काहीतरी खायला सांगितलं होतं. मामा ऐकेनात. शेवटी काकू आल्या. त्यांनी वाटीभर भगर पुढे धरली आणि म्हणाल्या, "मास्तर, हे उपासाचंच हाय. खाल्लं तरी उपास मोडत न्हाई." मामांनी विचार केला आणि खाल्ली. आत्याबाई बघतच राहिल्या. मीही. त्यांचा उपास मोडला, की राहिला, की काकूंचा एक दिवस त्यांनी पाळला, हे मला आजही सांगता येणार नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी डोळा उघडला. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि घरात तो काढला तरी चालेल म्हणाले. ईस्टरला पहाटेच्या उपासनेला आम्ही सगळे गेलो. मामा माझ्या पुढे चालत होते, हात न धरता, गटार ओलांडताना नेमकं पाऊल टाकत. चर्चच्या अंगणात लोक एकमेकांना "प्रभू उठला आहे" म्हणत होते, आणि मामा प्रत्येकाच्या तोंडाकडे इतकं टक लावून बघत होते की समोरचा माणूस ओशाळा व्हायचा. ज्या बाईशी आत्याबाईंचा अबोला उद्यापासून पुन्हा सुरू होणार होता, त्या बाईंनाही ते म्हणाले, "केस पांढरे झाले की तुमचे."

घरी आल्यावर उजेड पुरता झाला होता. आत्याबाई चुलीवर मटण चढवून मसाला वाटत होत्या. मामांनी चष्मा काढला आणि त्यांच्यासमोर पाट घेऊन बसले.

"काय बघून राह्यले?" आत्याबाई म्हणाल्या.

"तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

आत्याबाईंचा हात थांबला. मला वाटलं आता भांडण होणार. त्यांनी पदराने तोंड पुसलं, तर मसाल्याचा हात लागून डोळे चुरचुरायला लागले, आणि त्या पाण्यासाठी ओरडायला लागल्या. मामा उठले, माठातून तांब्या भरून आणला आणि स्वतः त्यांच्या डोळ्यांवर पाणी मारू लागले. एवढ्या वर्षांत त्यांनी माठातून स्वतः पाणी घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

"दिसतं का आता?" ते विचारत होते.

"दिसतं, दिसतं. सरका. मटण करपंल," आत्याबाई म्हणाल्या.